पगार म्हणजे काम नाही का?

मागच्या आठवड्यात एका देणगीदारांचा फोन आला होता, माणूस खरंच तळमळीचा, दरवर्षी न मागता पैसे देणारा. म्हणाले, ताई, माझी एकच अट आहे, माझ्या देणगीतला एकही पैसा पगारावर जाता कामा नये, सगळा थेट बायकांपर्यंत पोचला पाहिजे. मी हो किंवा नाही काहीच बोलले नाही, विचार करून कळवते म्हटलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

मी ज्या संस्थेचे हिशोब बघते तिथे हेल्पलाईन चालते. घरात मारहाण होणाऱ्या बायका रात्री-अपरात्री फोन करतात आणि आमच्याकडून कोणीतरी तो उचलतं, ऐकून घेतं, वकील कुठे मिळेल, आज रात्री कुठे राहता येईल ते सांगतं. आम्ही वस्तू वाटत नाही. मग थेट बायकांपर्यंत पोचवायचं काय? पोचतो तो फोन उचलणाऱ्या मुलीचा आवाज, आणि तो आवाज माझ्या वहीत पगाराच्या खात्यावर पडतो, तिचं ट्रेनिंग दुसऱ्या खात्यावर, फोनचं बिल तिसऱ्या, आणि कोणी वरवर बघितलं तर वाटतं की यांचा सगळा पैसा स्वतःवरच जातो.

अॅडमिनचा, म्हणजे पगार, ऑफिस, कारभार यांवरच्या खर्चाचा आकडा कमी म्हणजे संस्था चांगली, हे समीकरण जगभर इतकं घट्ट बसलंय की 2013 मध्ये अमेरिकेत गाईडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाईज गिव्हिंग अलायन्स, म्हणजे संस्थांची माहिती आणि रेटिंग लोकांसमोर ठेवणाऱ्या तीन संस्था, यांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं की फक्त या एका टक्केवारीवरून संस्था जोखू नका, कामाचा परिणाम बघा, कारभार बघा. त्याला आता दहा वर्षांहून जास्त झाली, तरी मला येणारा पहिला प्रश्न अजून तोच असतो, शंभरातले किती पोचतात? आणि या प्रश्नाला घाबरून आम्ही काय केलं ते सांगते. अॅडमिन कमी दिसावं म्हणून चार वर्षं नवीन कॉम्प्युटर घेतला नाही, बॅकअपची सोय केली नाही, आणि जुना एक दिवस बंद पडला तो सहा महिन्यांच्या केसनोंदी घेऊनच. एका बाईच्या कोर्टाच्या तारखेच्या आधी आम्हाला तिची सगळी हकीकत तिलाच परत विचारावी लागली, पहिल्यापासून. ते मी विसरू शकत नाही.

आता हा झाला समाजाचा संशय, पण हाच संशय पुढे कायद्यात जाऊन बसतो आणि तिथे तो टक्क्यांत मोजला जातो. भारतात परदेशी देणग्यांचा जो कायदा आहे, एफसीआरए 2010, त्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा आधी 50 टक्के होती, 2020 च्या दुरुस्तीत ती 20 वर आली, शिवाय एका संस्थेने आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही असंही ठरलं. म्हणजे ज्या छोट्या संस्थांना स्वतः परदेशी अर्ज-रिपोर्ट करणं झेपत नव्हतं आणि ज्या मोठ्या संस्थेमार्फत पैसे घ्यायच्या, त्यांची ती वाटच बंद. इथिओपियात 2009 चा कायदा तर अजून कडक होता, प्रशासनाला मर्यादा 30 टक्क्यांची, पण त्या प्रशासनात ट्रेनिंग, प्रवास असलं सगळं धरलेलं, वर हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांना 10 टक्क्यांहून जास्त पैसा परदेशातून घेता यायचा नाही. तो कायदा 2019 मध्ये बदलला, पण मधल्या दहा वर्षांत कित्येक संस्थांनी हक्कांचं काम सोडून दिलं किंवा नाव बदलून भलतंच काहीतरी करायला लागल्या.

कारण खर्चाच्या प्रश्नाला लागूनच पुढचा प्रश्न येतो, तुम्ही नक्की कोणासाठी काम करता? रशियात 2012 पासून परदेशी पैसा घेऊन राजकीय काम करणाऱ्या संस्थांना फॉरेन एजंट, म्हणजे परदेशाचे हस्तक, हा शिक्का लावला जातो. हंगेरीत 2017 मध्ये परदेशी निधीवाल्या संस्थांना तसं जाहीर करायची सक्ती झाली, 2020 मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ते नियमात बसत नाही म्हणून सांगितलं. जॉर्जियात 2024 मध्ये 20 टक्क्यांच्या वर परदेशी निधी असेल तर नोंदणी करा असा कायदा आला आणि लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. आणि राजकीय म्हणजे काय हे ठरवणार कोण? आमच्या हेल्पलाईनवर शंभर बायका तीच तक्रार सांगतात की पोलीस तक्रार लिहून घेत नाहीत, आणि आम्ही वर पत्र लिहिलं की नियम बदला, तर हे सेवाकार्य की राजकारण? माझ्या मते फोन उचलण्याइतकंच ते आमचं काम आहे. कॅनडात याच मुद्द्यावरून संस्थांचे खास ऑडिट झाले, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी 2018 मध्ये कायदाच सुधारावा लागला, आता तिथे संस्था आपल्या उद्देशासाठी धोरणावर मोकळेपणाने बोलू शकते, फक्त पक्षाचा प्रचार करायचा नाही. मला ही रेघ बरोबर वाटते.

बँकांचं तर वेगळंच, 9/11 नंतर दहशतवादाला पैसा पुरवण्यावर जे आंतरराष्ट्रीय नियम आले त्यात एफएटीएफने, म्हणजे हे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने, सेवाभावी संस्थांना विशेष धोक्याचं क्षेत्र म्हटलं होतं, ते शब्द 2016 मध्ये काढले, पण खातं उघडायला गेलं की कागद मागणं काही कमी झालेलं नाही.

आणि मग 2025. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवस थांबवली, चालू प्रोजेक्टना काम थांबवा अशा नोटिसा गेल्या, 1 जुलैला यूएसएड या अमेरिकेच्या सरकारी मदत संस्थेने परदेशी मदतीचं काम अधिकृतपणे थांबवलं. त्या काळात मी जे वाचत होते त्यात एक गोष्ट मला फार लागली, की संस्था काही आठवड्यांत माणसं कमी करायला लागल्या, कारण हातात शिल्लक नव्हती. असणार कशी, शिल्लक ठेवली तर देणगीदार विचारतो पैसे साठवता कशाला, खर्च होत नसतील तर पुढच्या वर्षी कमी देतो. हे मी स्वतः ऐकलेलं वाक्य आहे. आमच्याकडे आज दोन महिन्यांचे पगार होतील एवढीच शिल्लक आहे आणि तेवढी जमवायलाही पाच वर्षं लागली.

मला कोणी सांगू नका की मी हिशोबाच्या विरोधात आहे, मी हिशोबच करते. खोट्या संस्था असतात, कागदावरच्या असतात, नातेवाईकांना भरमसाठ पगार देणाऱ्या असतात, त्यांना पकडलंच पाहिजे आणि त्यासाठी ऑडिट हवं, तपासणी हवी, विश्वस्तांना प्रश्न विचारणारं कोणीतरी हवं. पण सरसकट टक्केवारीने चोर सापडत नाही, खोटी बिलं करणारा टक्का बरोब्बर बसवतो, अडकते ती खरा हिशोब लिहिणारी.

काल त्या देणगीदारांना मी फोन केला. म्हटलं, तुमची देणगी घ्यायची तर मला ती रात्रपाळीच्या मुलीच्या पगारालाच लावायची आहे, सगळी, आणि वर्षाच्या शेवटी तिने किती फोन घेतले, त्यातल्या किती बायकांना वकील मिळाला, किती जणी त्या रात्री घराबाहेर सुरक्षित ठिकाणी पोचल्या हे नावं न देता लिहून पाठवते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ती मुलगी रात्री किती वाजेपर्यंत असते? मी म्हटलं, सकाळी सहापर्यंत.

सोमवारी कळवतो म्हणालेत.