हनुक्का, चौथी रात्र

आमच्या ज्यूंच्या या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणात आज चार वाती आणि शमाश, म्हणजे बाकीच्या वाती पेटवायचा जास्तीचा दिवा. मेणबत्त्या बाजारात मिळतात, पण मी तिळाचं तेलच घालते. कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी ते घाणा बंद ठेवत. तेलाचा हा सण मात्र त्यांना कित्येक पिढ्या ठाऊकच नव्हता. परंपरेप्रमाणे आमचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, आणि मक्काबी या ज्यू बंडखोरांनी यरुशलेमचं मंदिर परत मिळवलं, ज्याची आठवण म्हणजे हा सण, त्याच्या आधीच आपली माणसं तिथून निघाली होती, असं जुनेजाणते सांगत आले. हनुक्का बेने इस्राएलांत, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंत, मागाहून आला.

म्हणूनच यंदा घरात ठरवलं, मक्काबींच्या पुढाऱ्याची, यहूदाची, गोष्ट पहिल्या रात्री सांगायची, आणि पुढच्या प्रत्येक रात्री आपल्यातल्या एकाची. दिवे जळत असताना बायकांनी काम करायचं नाही अशी रीत आहे, तेव्हा तो अर्धा तास आयता मिळतो.

दुसरी रात्र सामाजी हसाजी दिवेकरांची. इंग्रजांच्या पलटणीत असताना ते टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि 1796 साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. काल हाईम सॅम्युएल केहिमकर. 1875 मध्ये त्यांनी आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची कदूरी शाळा. समाजाचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला, पण तो छापून आला त्यांच्यामागे, 1937 साली. हे ऐकून लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, त्यांनी पुस्तक पाहिलंच नाही?” नाही गं, नाही पाहिलं.

आजची रात्र डॉ. जेरुशा झिराड यांची, आणि खरं सांगायचं तर याच रात्रीची मी वाट पाहत होते. लंडनला जाऊन 1919 मध्ये त्या स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाल्या. परत येऊन मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, ज्या खुर्चीवर तोवर गोऱ्या बायका बसत. बाळंतपणात बायका का दगावतात याचा त्यांनी कसून अभ्यास केला. समाजातल्या बायकांसाठी स्त्री मंडळ उभं करण्यातही त्या होत्या. 1966 ला पद्मश्री. तलवार न उचलता त्यांनी किती आया घरी परत पाठवल्या असतील! माझ्या लेखी त्या मक्काबींच्या रांगेतच बसतात.

शाळेत लेकीला विचारतात, ज्यू म्हणजे तुम्ही परदेशी का? ती गांगरते. आडनावात गावाचं नाव घेऊन फिरणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडावा, याचं मला वाईट वाटतं. निदान आता तिच्याकडे सांगायला माणसं आहेत. भारतात आपण काही हजारच उरलो, निम्मं गणगोत इस्रायलमध्ये, दिमोना-अश्दोदला. तिथल्या भाचरांनाही ही नावं कळायला हवीत, म्हणून आज व्हिडिओ कॉल लावून गोष्ट सगळ्यांना मराठीतच ऐकवली. धाकट्याला निम्मं कळलं नाही, त्याच्या आजीने हिब्रूत समजावलं.

उद्या रेऊबेन डेव्हिड, अहमदाबादच्या कांकरियाचं प्राणिसंग्रहालय उभारणारे. लेक प्राण्यांची वेडी आहे. सिंहांबद्दलचे तिचे प्रश्न आत्ताच तयार आहेत, मला रात्री बसून वाचावं लागणार.