विचारायचंच असेल तर कर्नाळ्यावर

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर नेमक्या वेळी चणेवाला येऊन उभा राहतो, म्हणून लग्नाचं विचारायला हल्ली पोरं गड गाठतात. गड निवडताना मात्र हिशेब फक्त होकाराचा असतो. पनवेलजवळच्या कलावंतीण दुर्गाच्या माथ्यावर नकार मिळाला, तर त्याच उभ्या पायऱ्या एकमेकांना हात देत उतराव्या लागतात. पुढे पनवेल लोकल आहेच.

त्या मानाने कर्नाळा बरा. पनवेलहून पेणच्या एसटीने साधारण 12 किलोमीटर, मग तास-दीड तासाची चढण, बरीचशी झाडीतून.

पहिली फजिती गेटवरच. अभयारण्य असल्याने प्लॅस्टिकसाठी सॅक तपासतात आणि मखमली डबी सगळ्यांदेखत बाहेर येते. डबी घरीच ठेवावी. अंगठी चेनच्या लहानशा कापडी पाकिटात घालून पाकीट सॅकच्या आतल्या हुकाला अडकवावं. पँटच्या खिशात नकोच, घाम पुसायला रुमाल काढला की तीही बाहेर!

बोटांचंही एक असतं. चालताना हात खाली लोंबतात, त्यात उकाडा, बोटं सुजतात. तिच्या जुन्या अंगठीवरून गुपचूप घेतलेलं माप मग सांध्याशी अडतं. म्हणून वर पोचल्या पोचल्या विचारू नये. सावलीत वीसेक मिनिटं बसावं, लिंबू सरबत प्यावं. धापा टाकत विचारलेलं तसंही कुणाला कळत नाही.

सेंट मारून जाऊ नये. गडाच्या सुळक्याला आग्यामोहोळं असतात. उग्र वास आणि धूर त्यांना खपत नाही. रंगीत धुराच्या नळकांड्या म्हणूनच बाद, आणि अभयारण्यात त्या शोभतही नाहीत.

गुडघा टेकण्याआधी सॅक उतरवावी. पाठीवर दोन लिटर पाणी असताना वाकलं की तोल पुढे जातो. कड्यापासून लांब, सपाट कातळ बघून खाली पंचा अंथरावा: गुडघ्याला खडे टोचत नाहीत आणि अंगठी निसटलीच तर कातळाच्या भेगेत जात नाही. फोटोसाठी मित्राला झुडपात लपवायचं असेल तर त्याच्याजवळ खाऊ देऊ नये. माकडं त्याला आधी शोधून काढतात.

हो म्हणाली, तरी उतरताना अंगठी परत पाकिटात. मुरमाड वाटेवर पाय सरकला की माणूस हात टेकतो, आणि बोटाकडे बघत चालणाऱ्याचा पाय सरकतोच. गेटबाहेर एसटीची वाट बघताना घालायला भरपूर वेळ मिळतो.