किचनची बॅटन लागेना : तीन दिवसांचा हिशोब

गुरुवार रात्र. किचनची २० वॉटची एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखी लांब पट्टी) शेवटी गेलीच, महिनाभर मधूनच लुकलुकत होती. मला वाटलं कॅपॅसिटर फुगला असणार, ह्यांच्यात बऱ्याचदा तोच जातो, म्हणून खाली उतरवली, टोकाचं झाकण काढून ड्रायव्हर (एलईडीला लागेल तसा करंट देणारं सर्किट, कॅपॅसिटर त्यातच असतो) बाहेर ओढला तर कॅपॅसिटर एकदम सपाट. पट्टीवर काळा ठिपका पडलेली एलईडीपण नाही (सिरीजमधली एक गेली की पूर्ण लाइन जाते, म्हणून ते आधी बघतो).

शुक्रवार. खोक्यात एक ड्रायव्हर पडून होता तो सोल्डर करून बसवला, वर टांगली, बटण दाबलं, काळोख. टेस्टर लावला, एका वायरीला पेटतो दुसरीला नाही, म्हणजे सप्लाय ओके असं मी ठरवून मोकळा झालो आणि इथेच माती खाल्ली. रात्री साडेअकराला बॅटनला प्लग जोडून हॉलच्या सॉकेटमध्ये लावली तर लख्ख!! जुना ड्रायव्हर परत टाकला, तोपण लख्ख.

शनिवार. मल्टिमीटर काढला. फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थमध्ये २३४ व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये (करंट परत नेणारी वायर) मात्र ९० ते ११० मध्ये नाचतंय. हे ९० खरे नाहीत हां, मीटर करंट इतका कमी ओढतो की लोंबकळणाऱ्या वायरीत शेजारच्या वायरीमुळे आलेलं जरासं व्होल्टेजपण तो दाखवतो. होल्डरला ६० वॉटचा बल्ब लावून दोन्ही वायरींवर धरला, ढिम्म. न्यूट्रल तुटलाय. टेस्टर चांगल्या न्यूट्रलला पेटत नाही आणि बॅटन सोडवलेली असली तर तुटलेल्यालाही बऱ्याचदा पेटत नाही, त्याला बिचाऱ्याला दोन्ही सारखेच.

मग नको ती हौस, तोच बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावला. पाव अँपिअर अर्थला गेला, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडला, अख्खं घर बंद आणि भावाची ऑफिसची मीटिंग चालू. पुढे काय ऐकलं ते लिहीत नाही.

त्या गोंधळात आई म्हणाली, "एक्झॉस्टपण बंदच आहे, तुला परवाच सांगितलं होतं ना." सांगितलं होतं खरं, मी वेगळा प्रॉब्लेम समजून रविवारवर ढकललेलं. दोन्ही एकदम बंद म्हणजे न्यूट्रल कॉमन, आणि एक्झॉस्ट लावला की बॅटन जास्त लुकलुकायची हेही तेव्हाच आठवलं, लोड वाढला की ढिला जॉइंट तापणारच.

मेन बंद केला (स्विच चालू राहिला तर तुटलेल्या न्यूट्रलच्या टोकाला बॅटनमधून फेज येऊन बसतो, "न्यूट्रलच तर आहे" म्हणून हात लावू नका) आणि एक्झॉस्टच्या वरचा जंक्शन बॉक्स उघडला. तीन न्यूट्रल नुसते पिळून वर टेप गुंडाळलेली, टेपचा पार डिंक झालेला, तांबं काळंठिक्कर, एक वायर तर ओढल्याबरोबर हातात आली. काळं सगळं छाटलं, मग वायर दोन इंच आखूड पडायला लागली म्हणून दीड स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरीचा तुकडा वाढवला आणि स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत तिन्ही आवळल्या.

मेन टाकला. बॅटन लागली, एक्झॉस्ट फिरला, फेज आणि न्यूट्रलमध्ये धरलेला बल्बपण भरपूर उजेड देतोय. जुनाच ड्रायव्हर वर आहे, दुसरा परत खोक्यात गेला. हॉलच्या फॅनचा बॉक्स त्याच हाताने केलेला असणार, तो उद्या उघडतो, भाऊ बाहेर गेल्यावर.