पिकअपच्या दारातला उजेड

आज पिकअपच्या दोन्ही दारांना लाइटवाल्या सिल प्लेट, म्हणजे गाडीत चढताना पाय पडतो त्या दाराखालच्या पट्टीवर बसवायच्या प्लेट, बसवून झाल्या. दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्याच्या आधी हे काम उरकायचंच होतं, आणि आता पाऊसही मागे हटलाय, ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलंय. आमच्या देवगडात चार महिने गाडीचा पत्रा कधी पूर्ण सुकतच नाही, त्यामुळे असली चिकटवाचिकटवीची कामं याच दिवसांत केलेली बरी.

बाबा म्हणाले, "मालगाडीक ह्या कित्याक?" प्रश्न बरोबरच आहे त्यांचा, कारण हे लाइट लोक मोठ्या कारला लावतात, कंपनीचं नाव निळं चमकतं आणि बघणारे बघत राहतात. पण आमची गाडी निघते कधी, तर अंधारात. मासेमारी सुरू असली की पहाटे बंदरावर, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरून रात्रीची वाशीला. केबिनमधला दिवा छतात असतो, आपण चढायला वाकलो की आपल्याच अंगाची सावली पायाखाली पडते आणि नेमकी जिथे पाय ठेवायचा ती जागा काळोखात जाते. त्यात क्रेटमधलं बर्फाचं पाणी पायाला लागून दाराची पट्टी कायम ओली. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, ते आधी हाताने चाचपतात मग पाय टाकतात, हे मी कितीतरी दिवस बघत होतो. मला उजेड तिथे खाली हवा होता.

म्हणून रंग पांढराच घेतला, जरा पिवळसर झाक असलेला. निळा दिसतो भारी, पण काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना तो टोचतो आणि ओलं काय, कोरडं काय ते त्यात नीट कळत नाही.

खरं काम प्लेटच्या खाली असतं. दाराखालची ती लांब पट्टी आतून पोकळ असते, तिच्यात पाणी जातंच, आणि ते बाहेर पडावं म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्याकडच्या तांबड्या मातीने ती बुजतात. मग खारट ओल आतच राहते आणि पत्रा आतून कुजायला लागतो, वरून रंग तसाच चकचकीत. जामसंड्याचे आमचे इलेक्ट्रिशियन काका म्हणतात तसं, "मीठ लोखंड कधी खाता, पत्तोच लागना नाय." तर काल आधी पट्टीवरचं प्लास्टिकचं झाकण, म्हणजे ट्रिम, क्लिपांवरनं हळूच उचकटून काढलं, खालची रेती-माती धुतली, भोकांतनं तार फिरवून ती मोकळी केली. ड्रायव्हर साइडला दोन ठिकाणी गंज दिसला तो घासून पार चकचकीत पत्रा लागेपर्यंत काढला, रेड ऑक्साइड मारला, वर रंग मारला आणि रात्रभर तसंच ठेवलं. हे न करता गंजावरच प्लेट चिकटवली असती तर वरून झगमगाट आणि खाली पत्र्याची चाळण. विकत घेतलेल्या प्लेटच्या बॉक्समध्ये याबद्दल एक ओळ लिहिलेली नसते, लिहिणारे बहुतेक समुद्रापासून लांब राहत असावेत.

अजून एक ठरवलं होतं ते म्हणजे प्लेट पत्र्यावर चिकटवायची नाही, प्लास्टिकच्या ट्रिमवर चिकटवायची. प्लेटची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप एकदा बसली की सुटत नाही, पण ट्रिम मात्र क्लिपांवर असतं, कधीही अख्खं उचलून खालचा पत्रा बघता येतो. आणि स्टेनलेस स्टील साध्या लोखंडी पत्र्याला चिकटून राहिलं, मध्ये खारं पाणी आलं, तर झिजतो तो साधा पत्राच. प्लास्टिक मध्ये असलं की ती भानगड मिटते. स्टेनलेस म्हटलं तरी सगळं सारखं नसतं, ३१६ नंबरच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं, नेहमीच्या ३०४ वर आमच्या इथे चहासारखे डाग पडतात. पण ३१६ ची प्लेट कोणी विकताना मला दिसली नाही. ३०४ ची घेतली, गोड्या पाण्याने पुसत राहायचं.

वायरिंगला बसलो तेव्हा पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह काढली. आमच्या गाडीत एअरबॅगचा प्रश्न नाही, पण नव्या गाड्यांत दाराच्या पट्टीखालनं पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी गेलेल्या असतात त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही, हे कोणी बसवत असेल तर त्याला मी आवर्जून सांगतो. बाकी हिशोब सोपा आहे. केबिन लाइटला प्लस कायम चालू असतो आणि दाराचं स्विच त्याला अर्थिंग (मायनस) देतं, म्हणून दार उघडलं की दिवा पेटतो. प्लेटचं तसंच केलं, लाल वायर छोटा फ्यूज टाकून कायम चालू असलेल्या प्लसला आणि काळी वायर दाराच्या स्विचच्या वायरला. सगळ्याच गाड्यांत असं नसतं, आधी मल्टिमीटरने बघून घ्यायचं. आमच्या गाडीत दोन्ही स्विच आत एकत्र जोडलेले आहेत, त्यामुळे एक दार उघडलं तरी दोन्ही प्लेट पेटतात. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड टाकून वेगळं करता आलं असतं, पण मला हेच आवडलं, बाबा डावीकडनं चढताना माझीपण बाजू दिसते. एलईडी करंट किती खाणार, नगण्यच, पण फ्यूज वायरसाठी असतो. कुठे सोलून ती बॉडीला टेकली तर आधी फ्यूज जावा, गाडी पेटू नये.

वायर बॉक्समधली वापरली नाही. बंदरावर बोटींचं काम करणाऱ्याकडनं कथील चढवलेली तांब्याची वायर आणली, ट्रॉलरमध्ये वापरतात ती. साध्या तांब्याच्या तारेत खारी ओल आतल्या आत वर चढते आणि तार हिरवी-काळी पडून मोडते, कथिलाने ते बरंच थांबतं. जोड क्रिंप केले, वर आतून गोंद असलेली, गरम केली की आकसणारी हीट श्रिंक नळी, आणि वायरी मूळ वायरिंगच्या बरोबरीने मॅटखालून नेऊन कापडी टेपने बांधल्या, कारण नेहमीची काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते. प्रत्येक प्लेटला मध्ये एक कनेक्टर ठेवलाय, ट्रिम उचललं की वायर न तोडता सुटावं म्हणून.

चिकटवण्याआधी ट्रिम आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसलं, प्लेट ठेवली आणि अंगठ्याने दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. ही फोमवाली टेप २० मिनिटांत साधारण निम्मी पकड घेते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. म्हणजे तीन दिवस त्यावर भार द्यायचा नाही, पाणी मारायचं नाही. भाऊला सांगून ठेवलंय, तोवर बंदरावर त्याचा टेम्पो जाईल.

संध्याकाळी बॅटरी जोडून दार उघडलं, दोन्ही पेटल्या. बाबांना बोलावलं, ते आले, चाचपायला हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला. पाय मात्र टाकू दिला नाही मी, टेप सुकायचीय अजून. बोलले काही नाहीत, पण जाताना विचारलं, दुसऱ्या बाजूच्या गंजाचं काय केलंस. ती बाजू चांगली आहे असं सांगितलं, तरी टॉर्च घेऊन स्वतः वाकून बघून आलेच.

आता मे संपायच्या आधी, आंबा आटोपला की एकदा दोन्ही ट्रिम उचलून खालचा पत्रा आणि जोड बघायचे. तोवर मच्छी बंदीपण जवळ आलेली असते, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, गाडीला वेळ देता येतो. आणि प्लेटवर रेती असताना फडका फिरवायचा नाही, आधी पाणी ओतायचं, नाहीतर लाइटवरच्या ॲक्रेलिकवर ओरखडे येऊन उजेड धुरकट होतो, हे भाऊला आणि त्याच्या पोराला दोघांनाही सांगायचं राहिलंय.