रात्री अकराला गप्प होणारे सेन्सर

निफाड भागातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमधून फोन आला तेव्हा फेब्रुवारी चालू होता, म्हणजे तिथं कुणालाच मान वर करायला फुरसत नव्हती. त्यांच्या प्रीकूलिंगच्या आणि कोल्ड स्टोरेजच्या खोल्यांत आम्ही झिगबीचे, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी नेटवर्कचे, तापमान सेन्सर लावले होते. तक्रार अशी होती, की रात्री अकराच्या सुमाराला सगळे आलेख तुटतात आणि एक-दीडनंतर आपोआप जुळतात. युरोपला जाणाऱ्या मालाच्या तापमान नोंदीत असं भगदाड दिसलं की खरेदीदार भाव पाडायला मोकळा. आत माल नीट एक अंशावर होता, पण कागदावर ते दोन तास नव्हतेच.

मालकांना तिथं सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा संशय रात्रीच्या वॉचमनवर. "मामा मोबाइल चार्ज करायला कुठला तरी प्लग काढत असणार, दुसरं काही नाही." मामांनी मला गेटजवळ गाठलं. "साहेब, तुमच्या त्या डब्यांना मी हातसुद्धा लावत नाही. आता पगार कापायचं बोलतायत."

अण्णांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. झिगबीतले बॅटरीवरचे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले असतात. ठरावीक वेळानं उठतात, आकडा सांगतात, पुन्हा झोपतात. तो आकडा पुढं सरकवतात ते विजेवर चालणारे राउटर, एकाकडून दुसऱ्याकडे करत, शेवटी ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलेल्या पेनड्राइव्हएवढ्या डोंगलपर्यंत. मधल्या राउटरचा प्लग काढला तर त्याच्या भरवशावरचे सेन्सर अडकतात. पण मग एखाद्या खोलीचा आलेख तुटला असता. इथं सगळ्या खोल्या एका दमात गप्प होत होत्या.

माझा स्वतःचा पहिला संशय द्राक्षांवर होता. झिगबी, ब्लूटूथ आणि जुनं वायफाय हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. रिकाम्या खोलीत झकास चाललेलं नेटवर्क पेट्यांच्या थप्प्या लागल्या की लंगडायला लागतं. त्यात पफ पॅनेलच्या, म्हणजे थंडी धरून ठेवणाऱ्या फोमच्या, भिंतींना दोन्ही अंगांनी पत्रा. पण पॅलेट काही अकराला येऊन एकला निघून जात नाहीत. वायफायचंही तेच. त्यांचं वायफाय ११ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे २४६२ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला वीसेक मेगाहर्ट्झ पसरलेलं. आमचं झिगबी २५ नंबरवर, २४७५ मेगाहर्ट्झला, त्याच्या कडेबाहेर. आणि वायफाय दिवसभर चालूच असतं, तेव्हा आलेखाला काही होत नव्हतं.

मग रात्री तिथंच थांबलो. न्हावा-शेवाला जाणारा कंटेनर भरत होता, ऑफिसात डिस्पॅचचा सुपरवायझर कागदपत्रं तयार करत बसला होता. अकरा वाजून गेले आणि स्क्रीनवरचे सेन्सर एकेक करून करडे पडायला लागले. मी वायरलेस नेटवर्कच्या नोंदी चाळत होतो. माहितीचे जे पॅकेट (तुकडे) पोचत होते त्यांची सिग्नलची ताकद ठीकच दिसत होती. या आकड्याला मात्र फार भाव देऊ नये. जे पॅकेट पोचलंच नाही त्याची ताकद कोण मोजणार?

तेवढ्यात सुपरवायझरनं माउस टेबलावर आपटला. "हा पण अकरानंतर असाच करतो."

माउस वायरलेस होता. त्याचा रिसीव्हरही त्याच कॉम्प्युटरला, तोही २.४ वर. कोल्ड रूममधले सेन्सर आणि टेबलावरचा माउस यांचं एकाच वेळी बिनसतं, तर बिघाड दोघांच्या मधल्या समाईक जागी असला पाहिजे. टेबलाखाली वाकून कॅबिनेटच्या मागं टॉर्च मारला. आमचा डोंगल, त्याच्याखाली माउसचा रिसीव्हर आणि त्यांना जवळजवळ चिकटून यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टमध्ये एक पोर्टेबल हार्ड डिस्क, जिचा दिवा टकटक करत होता. सीसीटीव्हीवाल्यानं महिनाभरापूर्वी बसवलेली. दिवसभराचं फुटेज रात्री अकराला तिच्यावर कॉपी व्हायला लागायचं.

आजूबाजूच्या वायरलेसला त्रास द्यायची यूएसबी ३.० ची ही खोड जुनी आहे, इंटेलनं २०१२ सालीच ती मोजून छापली होती. या पोर्टमधून सेकंदाला ५ गिगाबिट धावतात आणि त्या धावण्याचा विद्युत गोंगाट शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो. बरोबर मध्ये आपला २.४ चा पट्टा. केबल किंवा कनेक्टरचं शील्डिंग, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, बेताचं असलं की हा गोंगाट बाहेर गळतो. इंटेलच्या मोजणीत हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलनं वाढला होता, म्हणजे शंभरपट. माझ्याकडे छोटा स्पेक्ट्रम अॅनालायझर होता, हवेतल्या रेडिओ लहरी स्क्रीनवर दाखवणारा. त्याचा अँटेना पोर्टजवळ धरला तर स्क्रीनच्या तळाशी असणारं गवत गुडघाभर वाढलेलं. कॉपी थांबवली की लगेच खाली.

सेन्सर बिचारा आत, पत्र्याच्या भिंतीपलीकडे. बोलण्याआधी तो चॅनेल मोकळं आहे का ते ऐकतो. त्याच्या जागी शांतताच असते, म्हणून तो बेधडक बोलतो. गोंगाट असतो तो ऐकणाऱ्याच्या कानाशी. पोच आली नाही की तो पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, मग हात टेकतो. ब्लूटूथ असतं तरी डोंगल त्याच जागी असता तर फार फरक पडला नसता. क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं, वायफायनं अडवलेली चॅनेल ओळखून टाळतं. पण इथं अख्खा पट्टाच भरलेला, उडी मारून जाणार कुठं? भारतात हा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे, त्यामुळे कुणी घुसलं म्हणून तक्रार करायचीही सोय नाही. त्यात हार्ड डिस्क तर रेडिओसुद्धा नाही.

इलाज बॅगेतच होता. दोन मीटरची यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल भिंतीवर, टेबलापासून लांब, उंच टांगला. कॉपी पुन्हा चालू केली. दहा-पंधरा मिनिटांत करडे सेन्सर हिरवे झाले. माउसच्या रिसीव्हरला पुढचा पोर्ट दिला. या एवढ्याशा केबलसाठी आम्ही निम्मा हंगाम घालवला हे अण्णांना पचायला वेळ लागला. "एवढंच? मग पहिल्याच दिवशी का नाही लावली?" प्रश्न रास्त होता. आता आमच्या प्रत्येक डोंगलच्या खोक्यात ती केबल जाते, खरेदी विभागाची कुरकुर झाली तरी.

एक खर्च मात्र राहिलाच. रोज रात्री पुन्हापुन्हा ओरडून सेन्सरांच्या नाणंवजा बॅटऱ्या पार दमल्या होत्या, आणि थंडीत त्या तशाही कमीच साथ देतात. सगळ्या बदलाव्या लागल्या. त्या बदलायला शिडी धरून मामाच माझ्याबरोबर फिरले, आणि प्रत्येक खोलीत शिरताना अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "बघा हं साहेब, प्लग जागेवर आहे."