दार लागेपर्यंत : आमची वाटचाल

जालन्याला लोखंडाचे शहर म्हणतात आणि ते खोटे नाही; परंतु येथल्या रोलिंग मिलमधून निघते ती बांधकामाची सळई, आणि आम्हाला लागतो तो सीआर, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला पातळ, गुळगुळीत पत्रा. जुन्या मोटारींच्या बॉडीचे काम करणाऱ्या आमच्या वर्कशॉपची निम्मी वर्षे अशा पत्र्याच्या आणि तयार भागांच्या शोधात गेली, आणि उरलेली निम्मी, शोधून आणलेला भाग गाडीला बसत का नाही हे समजून घेण्यात.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेत बसच्या बॉडीचे काम शिकले. तेथे सांगाडा वेगळा आणि त्यावरचा ॲल्युमिनिअमचा पत्रा वेगळा. पत्रा फाटला की रिव्हेट तोडायचे आणि दुसरा पत्रा लावायचा. पुढे त्यांनी जालन्यात डेंटिंग-पेंटिंगची शेड टाकली, तेव्हा दारात आलेल्या अँबेसडर आणि पद्मिनी यांचे गणित निराळे निघाले, कारण या गाड्यांना वेगळी चासी नाही. फ्लोअर, छत, खांब आणि दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पेटी, म्हणजे सिल, हे सगळे मिळूनच गाडीचा भार उचलतात. हे आम्हाला ऐकून माहीत होते. कळले मात्र एका गाडीवर.

ती पद्मिनी परभणीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती. बरीच वर्षे मुंबईच्या दमट हवेत राहिल्यामुळे तिच्या दोन्ही सिल आतून इतक्या खाल्लेल्या होत्या, की पेचकस सहज आरपार जात असे. दोन्ही बाजू एकदमच सोडवू म्हणजे वेळ वाचेल, असा विचार करून मी गाडी पुढे आणि मागे घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली, दारे उतरवली आणि एकाच दिवसात दोन्ही सिल कापून टाकल्या. नव्या सिल वेल्ड करून झाल्यावर दार लावायला गेलो, तर कुलपाची जीभ खाचेच्या वर आदळत होती. अण्णांच्या काळापासून आमच्याकडे काम करणारे चाचा शेजारच्या गाडीखालून उठून आले, दाराच्या फटीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "बॉडी बसली ना मधी. आता दार कुठं लागतंय, मालक?" खरोखरच गाडी मधोमध खचली होती आणि त्याच खचलेल्या अवस्थेत आम्ही तिला पक्की करून टाकली होती. सगळे वेल्डिंग तोडले, मधून जॅक लावून बॉडी उचलली आणि काम पहिल्यापासून केले. त्या दुसऱ्या कामाचे पैसे अर्थातच गुरुजींकडून घेतले नाहीत.

तेव्हापासून सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल टाकून ते वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी धरणे, कर्णांची मापे खडूने छतावरच लिहून ठेवणे आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात न लावणे, हा आमच्याकडचा नियम आहे. दारे लावलेलीच ठेवतो किंवा टाके मारण्याआधी पुन्हा लावून पाहतो, कारण फट सारखी आहे की नाही हे दाराइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही.

तयार भागांसाठी आमच्या खेपा मुंबईला होत राहिल्या. ज्या कुर्ल्यात प्रीमिअरच्या कारखान्यात ही गाडी घडत होती, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात ती सुटी सुटी होऊन विकायला येते, याची आम्हाला आजही गंमत वाटते. काळ्या-पिवळ्या टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून निघत गेल्या, तशी दारे, बोनेट आणि डिकी बरी मिळू लागली. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत संपली आणि तो झराही आता आटत चालला आहे. टॅक्सीचे दार घेताना आम्ही खिशात लहान चुंबक ठेवतो. चुंबक जेथे चिकटत नाही तेथे पत्रा नसून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, आहे असे समजावे. रंगाच्या थरांखाली बोटभर जाड लांबी निघालेली दारे आम्ही पाहिली आहेत. एका व्यापाऱ्याने तर "कंपनीचेच" म्हणून बंद खोक्यातून मडगार्ड दिले, आणि येथे येऊन पाहतो तो बोल्टची भोके पाव इंच सरकलेली आणि हेडलाइटचे वर्तुळ लंबगोल. अँबेसडरची स्थिती तुलनेने बरी, कारण ती 2014 पर्यंत बनत होती. मात्र तिच्या पुढच्या जाळीचा भाग मार्कागणिक, म्हणजे मॉडेलच्या प्रत्येक आवृत्तीगणिक, बदलत गेल्याने मार्क फोरचा तोंडवळा मार्क टूला चालत नाही.

म्हणून आम्ही हळूहळू अख्खा भाग बदलण्यापेक्षा सडलेला तेवढाच तुकडा घडवण्याकडे वळलो. मराठवाड्याची हवा कोरडी, तेव्हा गाड्यांना गंज लागत नाही असा समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. पावसाळ्यात चाकाने उडवलेली काळी माती मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात ठासून बसते आणि बाहेर ऊन पडले तरी आत ओल धरून राहते. म्हणून इकडच्या गाड्यांचे मडगार्ड बहुतेक वेळा खालच्या वीतभर भागातच संपलेले असते. असा भाग आम्ही चांगला पत्रा लागेपर्यंत कापतो, दुसऱ्या बाजूच्या शाबूत मडगार्डावरून पुठ्ठ्याचा साचा काढतो आणि तो उलटा करून पत्र्यावर आखतो. वाळूजच्या प्रेस शॉपमधून डीप ड्रॉइंगच्या, म्हणजे साच्यात खोल दाबून आकार देण्याच्या, पत्र्याचे उरलेले तुकडे मिळतात. हा पत्रा मऊ असल्यामुळे हातोडी आणि डॉली (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) यांच्यामध्ये न चिरता गोलाई घेतो. बाहेरच्या अंगाला 20 गेज, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, आणि सिलसाठी 18 गेज, म्हणजे 1.2 मिलिमीटर, असे आमचे माप ठरलेले आहे. सिलला सीओटू (तारेचे विजेवरचे) वेल्डिंग चालते, पण दिसणाऱ्या पत्र्याला चाचा अजूनही गॅसचाच आग्रह धरतात, कारण गॅसचा टाका मऊ राहतो आणि नंतर ठोकून सपाट करता येतो. एक टाका इकडे, पुढचा वीतभर दूर, मध्ये हात लावून पत्रा निवला का ते पाहणे, अशा गतीने फूटभर सांध्याला अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकाला हे पटवणे वेल्डिंगपेक्षा अवघड आहे.

2012-13 च्या दुष्काळात मात्र आम्हाला पत्र्याने नव्हे, पाण्याने अडवले. पाणीपेपर मारायला, म्हणजे रंगाआधी ओल्या घासकागदाने पत्रा घासायला, पाणी लागते आणि शहरात प्यायलाच नव्हते. घासताना वापरलेले पाणी ड्रममध्ये निवळून तेच पुन्हा वापरले, आणि तरीही रंगाची कामे पावसापर्यंत थांबवावी लागली.

2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम आणले, तेव्हापासून विचारणा वाढली आहे. या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. लातूरच्या एका मालकांनी त्यांच्या मार्क टूसाठी नंतरच्या अँबेसडरचे अख्खे शेल आणून ठेवले होते आणि "आतलं कोण बघतंय?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही ते काम घेतले नाही. त्याऐवजी त्या शेलमधून फ्लोअरचे दोन तुकडे आणि मागची एक चाककमान तेवढी कापून घेतली. सध्या ती मार्क टू शेडमध्ये अँगल टाकून उभी आहे. उजवी सिल झाली आहे, डावीची मापे छतावर लिहिलेली आहेत आणि डावे मागचे दार खालच्या कोपऱ्यात अजून जरासे घासते आहे.