आमची वाटचाल : पेटीच्या दुकानात गिटार

बेळगावात वडिलांनी दुकान काढलं ते पेटी-तबला दुरुस्तीचं. खानापूरपासून निपाणीपर्यंतची भजनी मंडळं यायची. कुणाच्या भात्याला भोक, कुणाची पुडी फाटलेली. तंबोऱ्याच्या तारा मिरजेहून आणायच्या. गिटार दुकानात आली ती कॅम्पातल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या मुलांमुळे, आणि बरीच वर्षं ती पोकळ, लाकडीच होती. पहिली इलेक्ट्रिक आणली तेव्हा वडिलांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हिचा भाता कुठंय रे?"

हा प्रश्न मी अजून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. इलेक्ट्रिक गिटार भरीव असते, स्वतः फारशी घुमत नाही. तिचा भाता म्हणजे अँप, आवाज मोठा करणारी पेटी. पैसे मोजकेच असतील तर गिटार थोडी साधी घ्या, पण सगळे पैसे तिच्यावरच संपवू नका.

धंद्यात आम्ही खरे शिकलो ते एका चुकीतून. खानापूरकडचा एक मुलगा वडिलांसोबत येऊन गिटार घेऊन गेला. तारा जुन्या होत्या म्हणून मीच नवा संच चढवून दिला. तिसऱ्या दिवशी दोघं परत दारात. "काका, बारीक दोन तारा ठणठणीत वाजतायत, जाड चार वाजेनातच." मी वायर बदलली, अँप बदलला, शेवटी पाकीट पाहिलं. मी साध्या गिटारीचा ब्राँझचा संच चढवला होता. गिटारीच्या पोटावर जी पट्टी दिसते ती पिकअप. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. ब्राँझला चुंबक ओळखत नाही. जाड तारांच्या आतला पोलादी गाभा तेवढा अगदी मंद ऐकू येत होता. निकेल-पोलादाच्या तारा चढवल्या आणि गिटार बोलू लागली. त्या बापलेकांना बसभाडं मी दिलं, आणि त्या दिवसापासून अर्धा तास बसवून समजावल्याशिवाय गिटार विकायची नाही असं ठरवलं.

समजावताना पेटीची भाषा फार उपयोगी पडते. सर्वांत जाड तार पांढरी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी. मग पांढरी सहा, दोन, पाच, सात, आणि सर्वांत बारीक तार पुन्हा पांढरी तीन, दोन सप्तकं वर. एक पडदा पुढं गेलं की पेटीवरची पुढची पट्टी, काळी असो वा पांढरी. ज्या घरात पेटी आहे तिथला मुलगा हे पाच मिनिटांत पकडतो. कुणी 'तार' म्हणतं, कुणी कन्नडमध्ये 'तंती', सूर तोच.

पिकअप दोन-तीन का असतात, हेही नेहमी विचारतात. तबल्याच्या चाटेवर बोट पडलं तर बोल टोकदार, लवेवर पडलं तर गोल. तसंच घोडीजवळचा पिकअप तिखट, मानेजवळचा भरदार. एका कॉइलचा, म्हणजे वेढ्यांच्या एकाच गुंडाळीचा, पिकअप स्वच्छ वाजतो, पण विजेची गुणगुण पकडतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून ती गुणगुण खर्जातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ असते. पेटीवाल्यांच्या कानाला लगेच कळते. 1955 साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलटसुलट जोडून ही गुणगुण मारली. तोच हंबकर. गणपतीत मांडवात वाजवायचं असेल तर मी हंबकरच सुचवतो, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय अँप लावू नका असं बजावतो.

अँपवर गेनचं बटण असतं, गिटारीची वीज किती वाढवायची ते ठरवणारं. त्यावर मात्र माझा त्या अर्ध्या तासातला अर्धा वेळ जातो. मुलं बसली की आधी ते पूर्ण फिरवतात. होतं काय, विजेची लाट ठरावीक उंचीपलीकडं गेली की तिचा माथा कापला जातो आणि मूळ सुरात वरचे पुष्कळ सूर मिसळतात. थोडा कापला तर ओव्हरड्राइव्ह, जास्त कापला तर डिस्टॉर्शन, पार चौकोनी झाला तर फझ. अशा आवाजात पूर्ण कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, वाजवली की गंधाराचे वरचे सूर बाकीच्यांशी भांडतात आणि चिखल होतो. म्हणून रॉक वाजवणारे बहुतेकदा नुसता सा आणि प धरतात. पॉवर कॉर्ड म्हणतात ती हीच, आपल्या तंबोऱ्यातली जोडी. हे ऐकलं की भजनवाल्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, त्यासाठी मी दुकान उघडतो.

पहिला महिना गेन अगदी कमी ठेवा. स्वच्छ आवाजात बोटाची प्रत्येक चूक ऐकू येते. गेनखाली ती झाकली जाते आणि तशीच पक्की होते. आवाज बदलणारं पायाखालचं पेडल सहा महिन्यांनी घ्या, मी दुकानदार असूनही सांगतो. तारा नऊच्या, म्हणजे बारीक संचाच्या लावा, बोटं कमी सोलतात.

खानापूरचा तो मुलगा आता गावच्या भजनात हरिपाठानंतर गिटार धरतो. परवा तारा न्यायला आला होता. पावसाळा तोंडावर आहे, तिकडं तारा आठवड्यात गंजतात, म्हणून दोन संच आणि पुसायला सुती फडकं बांधून दिलं. पाकीट त्यानं आधी स्वतः वाचून घेतलं.